कपाटाशेजारचा खिळा
सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. घाटकोपरच्या हॉस्पिटलात आम्ही सहा जणी नव्याने इनचार्ज सिस्टर झालो होतो, म्हणून आठवडाभर आमचं ट्रेनिंग होतं. तळमजल्यावरचा अपघात विभाग माझा. ट्रेनिंगचा पहिला नियम असा, की ड्रेसिंगच्या कपाटाची चावी इनचार्जच्याच कमरेला हवी.

वर्गात चहा आणायला एक बदली आया होती. तिचं नाव कुणीच विचारलं नाही. आम्ही मावशी म्हणायचो. मालवणकडची, ठेंगणी, पदर कायम खोचलेला. कपबशा मांडता मांडता ती फळ्याकडे बघायची, ते शिळ्या बांगड्याकडे बघावं तसं.

चौथ्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडम फळ्यावर 'जखमी आल्यास प्रथम काय करावे' असं सुवाच्य अक्षरात लिहीत होत्या. मावशी चहाशिवायच आत आली, थेट माझ्यापाशी.

"चावी दी गो बाय. खाली माणूस रगतात पडलोहा आणि कपाटाक कुलूप!"

मॅडम न वळताच म्हणाल्या, "शंका शेवटी विचारायच्या."

"शेवटाक?" मावशी म्हणाली. "तो शेवटाकच निघालोहा!"

मी उठले आणि तिच्यामागे धावत सुटले. माणूस वाचला. माझ्या प्रमाणपत्रावर शेरा पडला, 'वर्ग अर्ध्यावर सोडला.'

शनिवारी मावशीचं बदलीचं काम संपलं. जाण्याआधी तिने बत्त्याने कपाटाशेजारी एक खिळा ठोकला, माझ्या कमरेची चावी काढली आणि त्यावर टांगली.

पुढे मॅडमचा हुकूम आला, प्रमाणपत्र विभागात दर्शनी जागी लावा. मी उलट टपाली कळवलं, भिंतीला खिळा एकच आहे आणि तो कामात आहे.