आमच्याकडे टीव्ही नाही

मंडळी, परवा इथे कोणीतरी विचारलं होतं, म्हणून आधी उत्तर: हो, भरावाच लागतो. घरात टीव्ही नसला, सगळं लॅपटॉपवरच बघत असलात, तरीही. रुंडफुंकबाइट्राग, म्हणजे जर्मनीतली टीव्ही-रेडिओची फी, टीव्हीवर नाही, घरावर आहे.

माझा नवरा, समीर, मार्चमध्ये गेला. फुटबॉलसाठी टीव्ही त्यालाच लागायचा, तो मी देऊन टाकला. आता फी बंद होईल असं वाटलं, म्हणून आज त्यांच्या ऑफिसला फोन केला. जर्मनमध्ये म्हटलं, “बाय उन्स टीव्ही नाहीये.” म्हणजे आपलं नेहमीचं, ‘आमच्याकडे’.

पलीकडची बाई खरंच चांगली होती. म्हणाली, “तुमच्याकडे अजून कोणी राहतं का? ते भरत असतील तर तुम्ही भरू नका. एका घराला एकदाच.”



मी म्हणाले, “नाही. मी एकटीच राहते.” हे वाक्य मी आजवर मराठीतसुद्धा कोणाला म्हटलं नव्हतं.

आपल्यात एकटं माणूसही ‘आमच्याकडे’ म्हणतं, कोणी विचारत नाही की आमच्या म्हणजे कोणाच्या. इथे विचारतात.

हॅम्बर्गमध्ये एकटे राहणाऱ्यांनो, तुम्ही काय म्हणता? ‘माझ्याकडे’? माझ्या तोंडून अजून निघत नाहीये.