बाटलीवरचं कुंकू

२०१३ साली नवऱ्याला परदेशात, जुरोंग आयलंडवरच्या कंपनीत लागून वर्ष झालं होतं. त्याच्या साहेबांनी बुकित तिमाहच्या कॉन्डोत, त्यांच्या श्रीमंती फ्लॅटवर, जेवायला बोलावलं. नवऱ्याने जर्मनीहून, ट्रेनिंगला गेला तेव्हा, रेड वाइनची एक बाटली आणली होती. तीच न्यायचं ठरलं. नवी वस्तू कुणाला देताना तिला कुंकवाचं बोट लावायचं ही आमच्या माहेरची सवय. मी बाटलीच्या मागच्या लेबलवर खाली कोपऱ्यात लावलं. निघायच्या घाईत ते ओलंच राहिलं.

दारातच साहेबांच्या बायकोच्या हाताला लाल लागलं. काय ते मी सांगितलं, तशी तिने बाटली सगळ्यांसमोर उंच धरली.

“अहो, बघा तरी! हिने वाइनची पूजा केलीय! आता नैवेद्याला काय गं, साबुदाण्याची खिचडी?”

पाच-सहा जोडपी होती, सगळी पोट धरून हसली. त्यांचं सोडा. माझा नवराही हसला. साहेबांना बरं वाटावं म्हणून माझ्यावर हसला. तिने नॅपकिनने कुंकू पुसलं आणि बाटली वाइनसाठी ठेवलेल्या वेगळ्या फ्रिजमध्ये ठेवून दिली. उघडलीसुद्धा नाही.

मी विसरणारी बाई नाही. सासरचे मला खुनशी म्हणतात, म्हणोत.

दोन वर्षांनी आम्हाला पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळालं, चोआ चू कांगला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला साहेब आणि वहिनी आले. वहिनींनी चकचकीत पिशवी हातात ठेवली. “खास जर्मन आहे हं, जपून पी.” पाहुणे गेल्यावर मी पिशवी उघडली. आपल्याकडे ओटीतले ब्लाउजपीस असेच घरोघर फिरतात, त्यामुळे मला शंका आलीच. बाटली उलटी केली. कोपऱ्यात फिकट लाल डाग. माझंच बोट.

इतका आनंद मला फ्लॅटची किल्ली मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

मग मी अभ्यासाला लागले. लेबलवर लिहिलं होतं ‘ट्रोकन’, म्हणजे अजिबात गोड नाही. तसलीच दुसरी बाटली आणून आधी तांबड्या रश्शाबरोबर चाखली. तोंड कडू झालं आणि तिखट दुप्पट झोंबलं. मिरची बाद. बदकाबरोबर मात्र ती वाइन फुलली. मशरूमबरोबर, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या मसुराबरोबरही. दोन महिने नवरा घरी आला की विचारायचा, “आज पुन्हा बदक?” कशासाठी ते मी त्याला सांगितलं नाही.

एका रविवारी दुपारी साहेबांना आणि वहिनींना जेवायला बोलावलं. खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावरून भाजलेलं बदक आणलं, घरी मशरूमचं सुकं, मसूर, गरम पोळ्या. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून तिला रुमाल गुंडाळला आणि ओतली.

वहिनींनी घोट घेतला, बदकाचा तुकडा खाल्ला, डोळे मिटले. “अप्रतिम! अगं, कुठून शिकलीस? आणि वाइन कुठली? अशी तर आमच्याकडेही नाही.”

“तुमच्याकडचीच आहे, वहिनी. वास्तुशांतीला तुम्हीच दिलीत.” मी रुमाल काढला आणि बाटली मागचं लेबल दिसेल अशी त्यांच्या पुढ्यात ठेवली. “आणि त्याआधी मी तुम्हाला. खाली कोपऱ्यात बघा.”

साहेबांनीही वाकून बघितलं. त्यांना आधी आठवलं, मग वहिनींना. नवऱ्याचा घास हातातच राहिला. हसलं कुणीच नाही. मी मात्र दोघांना आग्रह करकरून आणखी मसूर वाढला.

निघताना मी हळदकुंकवाची कुयरी आणली. सवाष्ण जेवून जाते, तिला हळदकुंकू लावल्याशिवाय कसं पाठवायचं? वहिनींना मान खाली घालावीच लागली. मी बोट चांगलं ओलं केलं आणि कपाळाच्या मधोमध ठसठशीत लावलं.

“पुसू नका हं,” मी म्हटलं.