बुधवारची कोंबडी

घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करायचा, ही वायरमनची खोड. पायात बूट, खांद्याला हत्यारांची पिशवी, दारामागच्या बोर्डावरचा खटका खाली, मग कुलूप. आज मेन बंद केलास का, असं कुणी जिन्यात विचारलं असतं तर त्याला शपथेवर सांगता आलं नसतं, पण तो बंदच असायचा. हाताला सांगावं लागत नसे. कामावरचे लोक त्याला तोंडावर ‘मेनस्विच’ म्हणत. तो रागवत नसे. उलट घरातली वीज चालू ठेवून माणसं खुशाल बाजाराला कशी जातात, याचंच त्याला नवल वाटे.

खोडीला कारण होतं. तो नुकता कामाला लागला होता, तेव्हा मास्तरांच्या हाताखाली त्याने एका घराचं वायरिंग केलं होतं. त्या घरातली बाई इस्त्री चालू ठेवून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि परत येईपर्यंत दोन खोल्या जळाल्या. चौकशी झाली. वायरिंग चोख होतं, ना मास्तरांवर बालंट आलं ना याच्यावर. पण त्या संध्याकाळी तो बघायला गेला आणि समोरच्या फुटपाथवर ते कुटुंब गादीवर बसलेलं त्याने पाहिलं. घरातून तेवढी एक गादीच निघाली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. वायरमनने तर दुसऱ्याचं पोळलेलं नुसतं पाहिलं होतं, पण फुंकायला मात्र तो त्या दिवसापासून लागला.

लग्न झाल्यावर ही खोड बायकोच्या वाट्याला आली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. दोघं निघाली की मागून मेन बंद. धुण्याचं मशीन अर्ध्यात थांबायचं आणि संध्याकाळी ओले कपडे कुबट वासाने तिचं स्वागत करायचे. फ्रिजमधलं दूध तीनदा नासलं तेव्हा तिने घर डोक्यावर घेतलं, आणि त्याने फ्रिजची लाइन मेनच्या अलीकडून वेगळी काढून दिली. हा त्याच्या मते फार मोठा समझोता होता. खोडीपायी कुणी संसार मोडत नाही. मोडायला दुसरी कारणं होती, त्यांत दोघांचाही वाटा होता आणि ती आता उगाळून उपयोग नाही. दोघं वेगळी झाली, भांडून नव्हे, दमून. मुलगी आईकडे राहिली. वायरमनच्या वाट्याला आला बुधवार.

मुलगी आठवीत. तोंडात घास साठवून दोन्ही गाल फुगवून चावायची तिची लहानपणापासूनची तऱ्हा, म्हणून तो तिला खारू म्हणे. बुधवारी शाळा आणि पोहण्याचा क्लास आटोपून तिने बापाकडे यायचं, जेवायचं, आणि साडेआठला आईकडे परत. ठरलं तेव्हा सोपं वाटलं होतं. पण वीज काही बुधवार बघून जात नाही. कुठे दुकानाची लाइन बसलेली, कुठे लिफ्टमध्ये कुणी अडकलेलं. वायरमन घरी पोचेपर्यंत सात वाजायचे. मग पाव, अंडी, नाहीतर बिस्किटं. पोहून आलेल्या पोरीला बिस्किटांनी काय होणार? ती घरी जाऊन पुन्हा जेवायची, अभ्यासाला उशिरा बसायची आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला पेंगायची.

शेवटी तिच्या आईने फोन केला. आवाज चढवला नाही, म्हणून वायरमनला जास्त भीती वाटली. शाळेच्या दिवसांत पोरीची आबाळ होते आहे, तेव्हा बुधवार बंद करू आणि महिन्यातून एक रविवार ठेवू, असं ती म्हणाली. त्याने मुदत मागितली. ती बरं म्हणाली, पण या महिन्यापुरतंच.

 वायरमनचा आठवडा बुधवारी सुरू होऊन बुधवारीच संपायचा, बाकीचे दिवस नुसते मध्ये येत. रविवार तोही महिन्यातून एक म्हणजे पोरगी पाहुणी होणार आणि पाहुण्यासारखंच बोलणार, हे त्याला न सांगता कळलं.

त्याच आठवड्यात तो एका निवृत्त नर्सबाईंच्या स्वयंपाकघरात नवा सॉकेट बसवत होता. बाई गप्पिष्ट. यानेही मन मोकळं केलं. बाईंनी माळ्यावरून एक जड, लांबट गोल भांडं काढायला लावलं. आत चिनी मातीचं, वर काचेचं झाकण, बाजूला एक बटण. स्लो कुकर. बहिणीने दिलेला दुसरा, वापराविना पडलेला. याला शिट्टी असते का, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, शिट्टी नाही, घाई नाही, देखरेख नाही. सगळं आयुष्य मी ड्यूट्या केल्या आणि मुलं याच्यावर वाढवली. तळाला कांद्याच्या जाड चकत्या. अख्ख्या कोंबडीला आतून-बाहेरून मीठ, मिरपूड चोळायची, पोटात अर्धं लिंबू आणि लसणाचा गड्डा, पाय दोऱ्याने बांधायचे, आणि छातीकडची बाजू वर करून कांद्यावर ठेवायची. पाणी घालायचं नाही, तिचं तीच सोडते. सकाळी मंद आचेवर लावायची, संध्याकाळी झाकण काढायचं. मध्ये झाकण उचललंत तर वाफ गेली आणि वेळही गेला.

पुढच्या बुधवारी पहाटे उठून वायरमनने हे सगळं केलं, अगदी डोळ्यांत तेल घालून. दोऱ्याची गाठ त्याने केबल बांधतात तशी बांधली. बटण मंद आचेवर फिरवलं, लाल दिवा लागला, काच जरा धुरकट होईपर्यंत तो उभा राहिला. मग बूट घातले, पिशवी घेतली, आणि कामावर गेला. दिवसभर तो स्वतःवर इतका खूश होता, की दोन गिऱ्हाइकांना त्याने न विचारता सांगितलं, आज घरी कोंबडी शिजते आहे.

संध्याकाळी क्लासवरून खारूला घेऊनच तो घरी आला. आत शिरला, दिवा लावला, लाल दिवाही लुकलुकत होता. त्याने थाटात झाकण उचललं. कोंबडी सकाळी जशी निजवली होती तशीच होती, फिकी, ढिली, पाय बांधलेली. कांदा कच्चा. आणि वास चांगला नव्हता.

कुकर खराब आहे, असं त्याने जाहीर केलं. माळ्यावर पडून कॉइल गेली असणार. मीटर काढलं, तपासलं, कॉइल ठणठणीत. वायर तपासली, तीही बरी. खारू ओट्याला टेकून बघत होती. तिने विचारलं, ‘‘बाबा, तू आत आल्यावर काय केलंस?’’

‘‘दिवा लावला.’’

‘‘त्याच्या आधी?’’

तो दाराकडे बघत राहिला. दिव्याच्या आधी त्याने मेन वर केला होता. वर केला, म्हणजे सकाळी खाली ओढला होता. ज्याचा हात, त्यालाच त्याने दगा दिला. जित्याची खोड.

दिवसभर बंद भांड्यात पडून राहिलेली कोंबडी खाण्याजोगी नव्हती. ती टाकून दिली आणि पाव-अंडी झाली. खारू म्हणाली, आईला सांगू नकोस, मी जेवले म्हणेन. वायरमनचं मन क्षणभर त्या वाटेने गेलं, नाही असं नाही. पण पोरीला खोटं बोलायला लावून मिळवलेला बुधवार त्याला नको होता. त्याने तिच्यादेखतच फोन लावला आणि काय झालं ते सगळं सांगून टाकलं.

 पलीकडे खारूची आई हसायला लागली. किती तरी वर्षांनी त्याने तिचं हसू ऐकलं, आणि तेही कोंबडीपायी. ‘‘मेन बंद केलास,’’ ती म्हणाली. ‘‘मला वाटलंच.’’

पुढच्या वेळी कुकर फ्रिजच्या लाइनवर लावतो, असं त्याने घाईने सांगितलं. तिचं हसू थांबलं.

‘‘लावशील, आणि निघताना तो प्लग उपटशील. मी ओळखत नाही का तुला? फ्रिज गार करतो म्हणून तुला चालतो. हे तापणारं आहे. मोकळ्या घरात तू ते चालू ठेवणार नाहीस.’’ मग ती म्हणाली, ‘‘एक बुधवार अजून. मी स्वतः न्यायला येईन तिला. बघते.’’

तिचं म्हणणं खरं होतं, आणि खऱ्याला औषध नसतं. फ्रिजच्या लाइनचा नाद सोडून आठवडाभर वायरमनने आपल्यापरीने तयारी केली. मीटर लावून पाहिलं, कुकर जुन्या दोन-तीन बल्बांपेक्षा जास्त वीज ओढत नव्हता. ओट्यावर फरशीचा मोकळा तुकडा ठेवला, आसपासचं फडकंसुद्धा हलवलं. नवा प्लग बसवला. त्याला सगळं कळत होतं. भीती कळण्याने जात असती तर जगात इतकी भित्री माणसं नसती.

बुधवारी कोंबडी लावून तो दाराशी आला आणि हात आपोआप मेनकडे गेला. तो त्याने खिशात घातला. पण एकदा खिशात घातला म्हणून दुपारी गप्प बसेल कशावरून? आपण मधल्या सुट्टीत येऊ आणि बंद करू, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. स्वतःच्या हातावर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. दुसरी किल्ली खारूकडे होती. मग त्याने आपली किल्ली काढून आत टेबलावर ठेवली आणि दार बाहेरून ओढून घेतलं. कुलूप खट्कन बसलं. आता खारू येईपर्यंत घर त्याला बंद होतं.

दिवस कसा गेला ते विचारू नये. एका बेकरीत भट्टीची लाइन बदलायची होती. त्याने एक वायर उलटी जोडली, आणि जोडीदाराने त्याच्या हातातून पक्कड काढून घेतली. रस्त्यावरून बंब घंटा वाजवत गेला तेव्हा तो शिडीवरून खाली उतरून फाटकापर्यंत गेला. बंब दुसऱ्या दिशेला वळला. बेकरीवाल्याने विचारलं, घरी कुणी आजारी आहे का.

जेवणाच्या सुट्टीत तो घरी गेलाच. जिन्याखाली मीटरची पेटी होती, तिथून त्याच्या घरची वीज काढता आली असती. पेटीचं दार उघडून तो उभा राहिला, आणि बंद करून वर गेला. घराच्या दारावर त्याने तळहात ठेवला. दार थंड होतं. मग फटीला नाक लावलं. धुराचा वास नव्हता. कांदा मऊ होत असल्याचा, लसणाचा, लिंबाचा, मांसाचा वास होता, आणि तो त्याच्याच घरातून येत होता. समोरच्या बाई कचरा टाकायला बाहेर आल्या. स्वतःच्या दाराला नाक लावून उभ्या असलेल्या शेजाऱ्याला काय म्हणावं ते त्यांना सुचेना. ‘‘किल्ली विसरलो,’’ तो म्हणाला, आणि खाली उतरला.

संध्याकाळी त्याने स्वतःच्या घराची बेल वाजवली. दार खारूने उघडलं. केस ओले, दिवा लागलेला, टेबलावर ताटल्या. झाकण तिने उचललं नव्हतं, बाबासाठी थांबली होती. आता तिने उचललं. कोंबडीचा पाय हातात धरला तर हाड सुटून हातात आलं आणि मांस मागेच राहिलं. कातडी काही खरपूस नव्हती, ढिलीच होती. ती खारूने बाजूला सारली. बाकी तिने दोन्ही गाल भरून खाल्लं. तळाचा रस पावाने पुसून घेतला. शाळेतली कुठली तरी लांबलचक हकिगत तिने घास तोंडात ठेवूनच सांगितली, आणि त्याला त्यातलं अर्धंच कळलं, पण ऐकायला वेळ होता. घड्याळाकडे बघून उठायचं नव्हतं.

साडेआठला तिची आई आली. आत पाऊल टाकताना तिने आधी दारामागे पाहिलं, मग टेबलावर पाहिलं. दमून आली होती, दुकानाचा कोटही अंगावर होता. बस म्हणायचं की नाही हे त्याला सुचेना, म्हणून तो रिकाम्या ताटल्या गोळा करायला लागला. आपण किल्ली आत ठेवून निघालो होतो, हे त्याला सांगायचं होतं, पण खारूनेच ते सांगून टाकलं, वर समोरच्या बाईंकडून ऐकलेली नाकाची गोष्टही सांगितली. तिची आई हसली नाही. तिने उभ्या उभ्याच भांड्यातून छातीचा एक तुकडा काढला, खाल्ला, आणखी एक काढला. वायरमन ताटल्या घेऊन नळाशी गेला. त्याला आता काही ऐकायचंच नव्हतं.

‘‘मीठ कमी पडलंय,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्या बुधवारी आदल्या रात्रीच चोळून ठेव.’’

तो वळला नाही. ताटली हातात धरून, पाठमोरा, भांडी घासत राहिला. 

‘‘बाबा,’’ खारू हळूच म्हणाली, ‘‘नळ सुरू नाहीये.’’

मग त्याने नळ सोडला.