तांबड्याने येवल्यात ताणा तोडला तेव्हा

लग्न होऊन मी नाशिकला आले तेव्हा आमच्या यांची सर्व्हिस मोटार होती. नाशिकहून सिन्नरपर्यंत ती माणसं, कोंबड्या आणि गुळाच्या ढेपी न्यायची. पुढे त्या रस्त्यावर नव्या मोटारी आल्या आणि आमच्या मोटारीत बसायला कोंबड्यासुद्धा तयार होईनात. दुसऱ्या कुणी ती मोडीत काढली असती. यांनी आतली बाकं उचकटली, एक बाज टाकली, स्टो ठेवायला खोकं ठोकलं, बाजूंना ताडपत्रीचे पडदे सोडले आणि मला बोलावून म्हणाले, "बघ, आता यात राहता येतं."

"पण आपल्याला घर आहे की," मी म्हटलं.

यांना ते बोलणं लागलं. दोन दिवस ते फक्त मोटारीशी बोलत होते.

घरात यांच्या आत्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. लहानपणीच विधवा झालेल्या, आलवण नेसणाऱ्या, आवाजाने खणखणीत. दुपारी त्यांच्या गोष्टी ऐकायला आळीतल्या बायका निवडायचे तांदूळ घेऊन येत आणि तांदूळ तसेच घेऊन परत जात. बायका नसल्या की आत्याबाई कुत्र्यांना गोष्टी सांगत. त्यांनी दोन कुत्री पाळली होती. एक थोराड तांबडा आणि एक कान फाटलेली काळी. सोवळ्यातल्या बाईने कुत्री पाळावीत हे आळीला पटत नसे. आत्याबाईंना आळी पटत नसे.

एकदा येवल्याचे एक कापडवाले आमच्याकडे उतरले होते. त्यांनी दुपारची गोष्ट पडद्याआडून ऐकली आणि म्हणाले, "आमच्या गावात थंडीत गोष्टींचा उत्सव भरवतो आहोत. हरदास, गोंधळी, मालेगावकडचे किस्से सांगणारे, सगळे येणार. आत्याबाई, तुम्ही या."

मला वाटलं, त्या नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "मोटार आहेच घरी."

यांचा चेहरा असा उजळला की मीही सामान बांधायला घेतलं.

निघायच्या दिवशी पहाटे आत्याबाई दोन्ही कुत्री घेऊन मोटारीत चढल्या.

"आत्या, ही माणसांची मोटार आहे," हे म्हणाले.

"मग तू उतर खाली."

"अगं, पण चालवणार कोण?"

"मग बस चालवायला. उगाच वाद कशाला?"

निफाडच्या अलीकडे मेंढ्यांचा कळप आडवा आला. तांबड्याने पडद्यातून उडी मारली. मेंढ्या चहूकडे पांगल्या, धनगर काठी घेऊन तांबड्यामागे, हे धनगरामागे, आणि काळी बाजेवर उभी राहून सगळ्यांवर भुंकत होती. धनगर बिचारा पोरसवदा होता. मेंढ्या गोळा झाल्यावर त्याने मोटारीत डोकावून विचारलं, "ह्ये घर हाय का गाडी?"

"अजून ठरलं नाही," मी म्हटलं. यांनी मोटारीच्या दारावरून हात फिरवला आणि ती सुरू केली.

विंचूरला मोटार तापली. बंबासारखी वाफ सोडायला लागली. यांनी आजूबाजूला पाणी शोधलं नाही, सरळ आमची पिण्याची कळशी तिच्यात ओतली. आत्याबाईंनी घरून भरून आणलेलं ते सोवळ्याचं पाणी होतं.

"अरे, माझं पाणी!"

"आत्या, ती किती तापली आहे बघ तरी."

"मला ताप आला तेव्हा नाही रे इतका कळवळलास."

येवल्यात पोचलो तो मांडव गच्च भरला होता. आत्याबाईंना वेळ दिली होती जेवणानंतरची, म्हणजे सगळे पेंगतात तेव्हाची. त्यांनी द्रौपदीच्या थाळीची गोष्ट तयार केली होती. त्यांच्या आधी एक बुवा प्रल्हादाचं आख्यान लावून बसले होते. आम्ही मांडवाच्या कडेला थांबलो. कुत्र्यांच्या दोऱ्या माझ्या हातात.

बुवांचा आवाज मोठा. खांब फुटला आणि नरसिंह बाहेर आला, तेव्हा त्यांनी अशी डरकाळी फोडली की पुढच्या रांगेतली पोरं रडायला लागली. काळी माझ्या लुगड्यात शिरली. तांबडा मात्र दोरी हिसडून सुटला आणि शेजारच्या गल्लीत पळाला.

त्या गल्लीत विणकरांची घरं. एका घरापुढे ताणा लावला होता, म्हणजे पैठणीचे उभे रेशमी धागे काठ्यांवर लांबच्या लांब ताणून बसवले होते. तांबडा त्यातून आरपार गेला. मी धावत पोचले तेव्हा तो अंगाला जांभळं रेशीम गुंडाळून उभा होता आणि शेपूट हलवत होता. धोतराला ऑईल लागलेले आमचे हे, तुटलेल्या धाग्यांची टोकं हातात धरून, ती कुठे जोडायची ते बघत होते.

घरातून म्हातारे विणकर चाचा बाहेर आले. आधी त्यांनी ताणा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. मग त्यांनी तांबड्याची मान धरली.

"किसका कुत्ता हाय ह्यो? बोला!"

लोक जमले. मी रडकुंडीला आले होते. तेवढ्यात आत्याबाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या.

"माझा आहे. पण तो असा का पळाला ते आधी ऐका."

"मला काय ऐकायचं नाय! माझा ताणा गेला!"

"ताण्याचं बघू. नाही ऐकलंत तर तुम्हाला वाटेल, कुत्रा वाईट आहे. तो वाईट नाही. भित्रा आहे. आणि तो मुळात इथे का आला, हे या भाच्यापासून सांगायला हवं." त्यांनी यांच्याकडे बोट केलं.

आणि त्यांनी अगदी नाशिकपासून सुरुवात केली. मोटारीत बसायला कोंबड्या कशा तयार होईनात ते आलं. निफाडचा धनगर आला, पण आत्याबाईंनी त्याला दोन्ही गालांवर मिशा दिल्या आणि त्याच्या मेंढ्या शंभरपट केल्या. विंचूरला मोटारीच्या कपाळावर हात ठेवून बसलेला भाचा आला. लोक हसून यांच्याकडे वळून बघायला लागले. हे खाली बघत होते, तरी हसू त्यांनाही आवरेना. चाचांची पकड सैल झाली. तांबडा त्यांच्याच पायाशी बसला.

आत्याबाई धाग्यांकडे बघून क्षणभर थांबल्या. चाचा म्हणाले, "मग? पाणी वतलं, मग पुढं काय झालं?"

मांडवातून माणसं उठून गल्लीत येत होती. शेवटी खुद्द बुवाच श्रोते शोधत आले. आत्याबाई तेव्हा नेमक्या डरकाळीपाशी पोचल्या होत्या. त्यांनी डरकाळी दिली, ती बुवांपेक्षा चांगली होती. बुवांनी मान डोलावली. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की ही तुमचीच गोष्ट चालली आहे.

गोष्ट संपली तेव्हा आत्याबाईंची मांडवातली वेळ टळून गेली होती. कापडवाले शरमेने हात चोळत होते. आत्याबाईंनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. त्या चाचांना म्हणाल्या, "आता ताणा. गुंता मी केला, मी सोडवते. रेशमाला हात कसा लावायचा ते दाखवा."

आम्ही दोघी चाचांच्या अंगणात बसलो. चाचांची बायको आणि सून एकेक धागा सोडवून द्यायच्या, तुटलेली टोकं थुंकीने ओली करून बोटांवर वळायच्या. मला ते जमेना, आत्याबाईंना लगेच जमलं. मांडवात या सासू-सुनांना कुणी बोलावलंच नव्हतं. हे कळल्यावर आत्याबाईंनी द्रौपदीची थाळी तिथेच काढली. चाचांची सून इतकी रंगली की सोडवलेला धागा पुन्हा गुंतवून बसली.

मध्येच चाचीने चहा आणला. माझ्यापुढे ठेवला, आत्याबाईंपुढे ठेवू की नको म्हणून घुटमळली. आत्याबाईंनी कधी दुसऱ्याच्या घरचं पाणीही घेतलं नव्हतं. त्यांनी कप उचलला, फुंकर मारली आणि प्यायल्या.

"आलं छान आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्या कानाशी आल्या, "घरी बोलायचं नाही हं."

मी कुणाला बोलले नाही. नाशिकला परतल्यावर दुसऱ्याच दुपारी त्यांनी स्वतःच सगळ्या आळीला सांगितलं, चहात आलं किती होतं त्यासकट. चार बायका तांदूळ उचलून तडक घरी गेल्या आणि महिनाभर फिरकल्या नाहीत. उरलेल्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांना ताण्याचं पुढे काय झालं ते ऐकायचं होतं.