हरेश्वरदादांचा कोरस आणि माझा सूर

हरेश्वरदादा तांडेल यांच्या साठीनिमित्त चार कौतुकाचे शब्द लिहावेत, असे गौरव समितीने मला कळवले. कौतुक करायचेच आहे. पण ज्यांनी दादांच्या गिटारसोबत ऑर्केस्ट्रात गायले आहे, त्यांना आधी थोडा वैताग व्यक्त करू द्यावा.

आमची पहिली भेट बोईसरच्या तालमीत झाली. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी सांगलीहून सालवडला आलेली, ऑर्केस्ट्रात नवी. नमस्कार केला, तर जमिनीवर बसून पायाने दाबायची गिटारची पेडल्स जुळवणारे दादा मान वर न करता म्हणाले, "थांबा ताई, फ्लँजर अजून बसला नाय." डोक्यावरून विमान गेल्यासारखा आवाज करणारे ते यंत्र बसेपर्यंत माझा चहा गार झाला.

कोणी विचारो न विचारो, दादा समजावतातच. ट्रेमोलोने आवाज लहानमोठा होतो, फेझरने भोवऱ्यासारखा फिरतो आणि कोरस मूळ सुरामागे त्याचाच किंचित हलता सूर लावतो, म्हणून एकच गिटार दोन-तीन वाटते. माहीमला एका हळदीत नवरीला हळद लागून गेली, तरी दादांचा कोरस लागेना. नवरीचे वडील स्टेजपाशी येऊन ओरडले, "हरेश्वर, पोरगी सासरी गेल्यावर वाजवशील काय?"

"तवर जुळंल," दादा शांतपणे म्हणाले. शिव्या आम्ही खाल्ल्या.

पुढे माझ्या गळ्याचे ऑपरेशन झाले. आवाज परत आला, पण लांब सूर धरला की थरथरायचा. पहिल्याच तालमीत ओळ अर्धी सोडून मी माईक खाली ठेवला. "दुसरी गायिका बघा," मी म्हणाले. सगळे मला समजावू लागले. दादा मात्र पेडलचे बटण फिरवत बसले. माझा संयम सुटला.

"दादा, इथे माझे गाणे सुटतेय आणि तुम्ही बटणे फिरवताय?"

"गिटार सरळ राहिली का तुमचा सूर हाललेला कळतो. तिला बी जरा हालवतो. गा तुमी."

मी रागातच गायले. कोरसच्या संथ हेलकाव्यात माझी थरथर मिसळून गेली. ऐकणाऱ्यांना तो गाण्याचाच ढंग वाटला. मी अंतराही पूर्ण केला.

त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात माझ्या गाण्यांना तो कोरस असे. पालघरच्या एका कार्यक्रमात गाणे संपल्यावर पाहिले, तर पेडलचा दिवा बंद होता.

"दादा, कोरस लावायचा राहिला!"

"राहिला नाय. कवापासून कमी करत आलो. आता तुमाला लागत नाय."

हे मला आधी सांगितले असते, तर काही बिघडले असते का? पण सांगतील तर ते दादा कसले!

दादांना निरोगी दीर्घायुष्य लाभो. त्यांचे कान तीक्ष्ण राहोत, गुडघे धड राहोत आणि त्यांच्यावर चिडत चिडत मला अजून पुष्कळ वर्षे गायला मिळो.