वहिनीनं केलेला चेकर

माझ्या मोठ्या वहिनीनं ज्याची नक्कल केली नाही असा माणूस गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात उरला नव्हता, आणि नक्कल झाल्यावर तिच्याशी गोडीनं बोलणारा माणूसही. देवळातला पुजारी, पोस्टमन, स्वराज्य आल्याचं कोरड्या घशानं सांगत फिरणारे पुढारी, सगळे तिच्या अंगात येऊन जात. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, पण पदराआडून त्यांचाच खोकला असा काढायची की आई चुलीपाशी तोंड दाबून बसे. एकदा मयतीला बसायला गेली आणि गेलेल्या म्हातारीच्याच आवाजात तिच्या सुनेवर खेकसली. सून आधी दचकली, मग हसली, आणि मग मात्र खरोखरीची रडली. "कायले करतं असं?" आईनं विचारलं. "मी कुठं करून राहिली, आत्याबाई? तोंडच करून राहिलं," वहिनी म्हणाली.

तिचा नवरा, म्हणजे माझा मोठा भाऊ, बिडी कारखान्यात चेकर. बाया घरी बिड्या वळून त्यांचे जुडगे, म्हणजे कट्टे, बांधून आणत आणि चेकर त्यातल्या खराब बिड्या बाजूला फेकी. त्यांना छाट म्हणत. छाटीची मजुरी मिळत नसे, त्या बिड्याही परत मिळत नसत. शेठ त्या खुशाल विकून टाकी. एका वर्षी बायांनी संप केला. युनियनवाल्यांनी आठवडी बाजारात, भाजीवाल्यांच्या मधोमध, नाटक लावलं. त्यात चेकर व्हायला कोणी पुरुष तयार होईना, तेव्हा वहिनी पुढं झाली. काजळाची मिशी काढली, लुगड्यावर भावाचाच कोट चढवला आणि आमचा भाऊ अख्ख्या बाजारापुढं उभा केला. कट्टा नाकाशी नेऊन हुंगणं, डावा खांदा उडवणं, बाईकडे न बघता "छाट!" म्हणणं. बाया हसून हसून लोळल्या. खरा चेकर तिथंच वांगी घेत होता.

"घरी चाल," तो दातओठ खात म्हणाला.

"थांबा जी," वहिनी त्याच्याच आवाजात म्हणाली, "आणखी अर्धे कट्टे बाकी आहेत."

मग पोरं त्याच्या मागं "छाट! छाट!" ओरडू लागली. शेठनं बोलावून सांगितलं, "जिस चेकर को देख के औरतें हँसती हैं, वो मेरे किस काम का?" नोकरी गेली. भाऊ वहिनीवर ओरडला नाही, त्यानं तिच्याशी बोलणंच टाकलं.

पुढं संप मिटला, आणि घर चालवायला वहिनी स्वतःच बिड्या वळायला बसली. युनियनचे पुढारी गळ्यात हार घालून गोंदियाला गेले आणि नवा चेकर म्हणून त्यांच्यातल्याच एकाचा साळा आला. तो भावापेक्षाही जास्त छाट काढी. वहिनीनं पुन्हा मिशी काढायची ठरवली, तसे पुढारी धावत आले. "बाई, समझौता हो गया. अब ये तमाशा कायको?"

"छाट बंद झाली का?" वहिनीनं विचारलं. त्यांनी टोप्या सारख्या केल्या आणि ते गोंदियाच्या गाडीकडे निघाले.

बाजाराच्या दिवशी ती एकटीच कोट घालून उभी राहिली. नवा चेकर लिंबाखालून एकेकीचं तोंड न्याहाळत होता. मागच्या वेळी लोळलेल्या बाया मिरच्या निवडू लागल्या. "आण कट्टे!" वहिनी ओरडली. कोणी आलं नाही. ती पुन्हा ओरडली. तेव्हा गर्दीतून माझा भाऊ आला, खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून घेऊन तिच्यापुढं उकिडवा बसला आणि जाड्याभरड्या आवाजात म्हणाला, "साहेब, लेकरं उपाशी आहेत. एवढी छाट काऊन जी?" हे वाक्य त्यानं कारखान्याच्या खिडकीशी कट्टे तपासत बसून रोज ऐकलेलं होतं. आता चेकरनं "छाट!" म्हणायचं. वहिनीचा डावा खांदा उडाला, पण तिला ते म्हणवेना. कोणी हसलं नाही. हळूहळू भाजीवाले पुन्हा आपापले भाव ओरडायला लागले.

घरी येताना वहिनी पदरानं मिशी पुसत होती, काजळ गालभर पसरत होतं.

"तुमाले बाई बनता येत नाही जी," ती म्हणाली.

"नाहीच येत," भाऊ म्हणाला.

कित्येक महिन्यांत ते एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी नव्या चेकरनं वहिनीचे निम्मे कट्टे छाटीत टाकले, आणि भाऊ तिच्याशेजारी बिड्यांसाठी तेंदूची पानं कापायला बसला. त्यानंतर तिनं कोणाची नक्कल केली नाही. मी मुद्दाम एखाद्या पुढाऱ्याची आठवण काढायचो. ती थोडं हसायची, आणि पान पुरेसं ओलं आहे ना, ते बोटानं चाचपून बघायची.