पित्रांतली साइट व्हिजिट

पितृपंधरवडा लागला की आमच्या धंद्याला कुलूप. पित्रांत इकडं कुणी प्लॉट घेत न्हाई. घेणं सोडा, बघायलासुद्धा येत न्हाई. बाकीचे एजंट मस्त झोपा काढतात. त्या वर्षी मला मात्र बसवत नव्हतं. गणपतीच्या आधी हातात आलेली गिऱ्हाइकं ऐन वेळी फिरली होती, अन् शेठनं तोंडावर सांगितलं होतं की दसऱ्यापर्यंत एक तरी बुकिंग न्हाई झालं तर वाटूर फाट्याजवळच्या साइटवर दुसरा माणूस बसवतो. शेठचं घराणं मूळ राजस्थानचं, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. ते कधी आवाज चढवत न्हाईत, म्हणून जास्तच भीती वाटायची. वर म्हणायचे, मागचं सोडा, पुढचं बघा. त्यांना काय जातंय म्हणायला! काम गेलं असतं तर मी पुन्हा घरी बसून साड्यांना फॉल-पिको करत राह्यले असते. मोकळ्या रानात उभं राहून लोकांना त्यांचं घर दाखवायचं, हे काम मला मनापासून आवडायचं.

ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली. तिथं येरझाऱ्या घालताना फिरलेली गिऱ्हाइकंच डोक्यात घुमायची. त्या वकिलांना मी असं बोलले नसते तर, त्या मावशींना आधी विहीर दाखवली असती तर. शेवटी माझाच मला वैताग आला. मंग फोन उचलला अन् जुन्या-नव्या सगळ्या ओळखींना लावत सुटले. नुसतं फिरायला या म्हणलं, भाव न्हाई की बुकिंगचं नाव न्हाई. बहुतेकांनी फोन ठेवला. एकानं तर मला देवधर्म शिकवला.

परतूरचे एक सर तेवढे आले, मोटरसायकलवर, एकटेच. त्यांना रस्त्याकडचा कोपऱ्याचा प्लॉट आवडला. निघताना हळूच म्हणाले की घरी कळू देऊ नका, बायको पित्रं लई पाळते.

पुढं दोन-चार दिवसांनी एक बाई बसनं उतरल्या. आमची जाहिरात वाचून आल्त्या. बोलता बोलता नवऱ्याची शाळा कळली, आडनाव कळलं, अन् माझ्या ध्यानात आलं, ह्या तर त्याच सरांच्या मालकीण! त्यांना मागच्या रांगेतला लिंबाच्या झाडाचा प्लॉट आवडला. जाताना त्यांनीही बजावलं, यांना सांगू नका, ते पित्रांचं फार मानतात. मला हसू दाबवेना, पण करते काय? दोघांनाही शब्द देऊन बसले होते.

घटस्थापनेला दोघं जोडीनं आले. सर पहिल्यांदाच आल्यासारखे इकडंतिकडं बघून राह्यले होते. ताईंनी तर विचारलं, साइट हीच का? मीही बिलकुल अनोळखी चेहरा केला. पण गाडीवरून उतरल्याबरोबर सर सरळ कोपऱ्याकडं गेले अन् ताई सरळ लिंबाकडं.

मधे प्लॉट आखलेल्या पांढऱ्या फक्कीच्या रेघा, अन् दोन टोकांना दोघं. सरांनी तिथूनच विचारलं, "तुला तो कसा काय माहीत?"

"अन् तुम्हाला हा?"

मंग दोघांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, गेलं. बुकिंग गेलं, साइट गेली, वर खोटारडी म्हणून नाव झालं ते वेगळंच.

"तुम्ही दोघंही येऊन गेलात," मी म्हणलं. "सांगू नका म्हणालात, म्हणून मी कुणाचं कुणाला सांगितलं न्हाई. आता झालं ते राहू द्या. दोघं मिळून बघा."

एवढं बोलून मी गेटपाशी गेले अन् पाठ करून उभी राहिले. गिऱ्हाइकाला एकटं सोडणं माझ्या रक्तात न्हाई, पण त्या दिवशी सोडलं. रस्त्यावरून मोसंबीच्या गाड्या जात होत्या, त्याच बघत बसले. मागून त्यांचे आवाज चढले, उतरले, मंग काहीच ऐकू येईना. जीव नुसता कासावीस. दहादा मान वळवावी वाटली, पण वळवली न्हाई. वळले असते तर काहीतरी बोलले असते अन् होतं तेही घालवलं असतं.

तेवढ्यात ताईंची हाक आली. "मॅडम, जरा इकडं या. तुळस कुठल्या बाजूला येईल, तेवढं दाखवा."

ज्याला घ्यायचं नसतं तो तुळशीची जागा विचारत न्हाई. मी वळले तर दोघंही लिंबाखाली उभे होते, अन् तिथपर्यंत जाता जाताच मला रडू कोसळलं.